गोकाकचा धबधबा आणि ऐहोळेचं बौद्ध मंदिर: बेळगावहून दोन दिवस, पण आधी पाणी बघा

मे महिन्यात गोकाकचा धबधबा बघायला गेलेला शहाणा मी स्वतः आहे, म्हणून हे लिहितोय. पुण्याची मेव्हणी आणि तिची दोन पोरं सुट्टीला आलेली, घरात बसून कंटाळली होती, मी म्हटलं चला तुम्हाला आमच्या इथला नायगारा दाखवतो, आणि बेळगावहून साठ-पासष्ट किलोमीटर उन्हात गाडी हाणत पोचलो तर समोर नुसता कोरडा तांबूस-काळा कडा, एका कोपऱ्यातून चूळभर पाणी गळत होतं. धाकट्या पोराने अगदी सिरीयसली विचारलं, "काका, नळ कधी येणार?"

त्यानंतर ही ट्रिप मी पाच-सहा वेळा केली, वेगवेगळ्या महिन्यांत, कधी मित्रांबरोबर बाईकवर, कधी आई आणि काकीला घेऊन, एकदा बसने सुद्धा. आता सांगू शकतो की गोकाक, बदामी, ऐहोळे असं दोन दिवसांत मस्त होतं, फक्त तारीख ठरवायच्या आधी पाण्याचा हिशोब समजला पाहिजे. बाकी लॉज, रस्ता, जेवण हे सगळं नंतरचं.

पाणी कुठून येतं ते आधी

या ट्रिपमध्ये धबधबे दोन. एक गोकाकचा मोठा, घटप्रभा नदीवरचा. दुसरा बदामीचा, त्याला अक्का-तंगी म्हणतात, म्हणजे थोरली बहीण आणि धाकटी बहीण, अगस्त्य तळ्याच्या बाजूच्या कड्यावरून दोन धारा शेजारी शेजारी पडतात. बेळगावातले लोक दोन्हीकडे एकाच पावसात जातात आणि एकीकडे तरी फसतात, कारण दोघांचा पाऊस वेगळा आहे.

गोकाकला पाऊस पडो न पडो, तिथल्या धबधब्याला काही फरक पडत नाही. घटप्रभा येते सह्याद्रीतून, आणि तिला मिळणारी हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत खाली येते. म्हणजे आंबोलीत धो-धो पाऊस सुरू झाला की एक-दोन दिवसांत गोकाकच्या कड्यावर पाणी दिसायला लागतं. शिवाय घटप्रभेवर हिडकलला ५१ टीएमसीचं धरण आहे, ते भरत आलं की पाणी सोडतात आणि मग धबधबा खरा रंगात येतो. आमच्याकडच्या पेपरात पावसाळाभर धरणांच्या पातळीची बातमी असते, ती बघायची सवय लावा, हिडकल भरत आलं आणि विसर्ग सुरू झाला असं वाचलं की पुढचा रविवार धरायचा. नक्षत्रांच्या भाषेत सांगायचं तर पुष्य, आश्लेषा, मघा, साधारण २० जुलै ते ऑगस्टअखेर, हा गोकाकचा जोर.

बदामीचं उलटं. तो कोरडवाहू मुलूख, ज्वारी-सूर्यफुलाचा, जुलैत तिकडे ढग नुसते येऊन वारा घालून जातात. अक्का-तंगीला डोंगराच्या डोक्यावर पडलेलंच पाणी येतं, मागे नदी नाही, धरण नाही. तासभर चांगली सर आली की धारा सुरू, आणि पाऊस थांबला की काही तासांत बारीक होत होत बंद. तिकडे पाऊस खरा पडतो तो सप्टेंबरात, उत्तरा आणि हस्तात, परतीचा पाऊस. म्हणजे दोन्ही पाणी एकाच ट्रिपमध्ये बघायचं असेल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. तेव्हा गोकाकचा धबधबा जुलैसारखा गढूळ राक्षस नसतो पण भरलेला असतो, आणि बदामीला संध्याकाळची सर नशिबात असू शकते. मी तरी आता दुसऱ्या कुठल्या महिन्यात पाहुणे नेत नाही.

फोन करून विचारता येत असेल तर अजून चांगलं. गोकाकमध्ये कुणी ओळखीचं असेल तर एवढंच विचारा: "फॉल्सिगे नीरु बंदैतेन्री?" धबधब्याला पाणी आलंय का हो. ते शेवटचं "री" विसरू नका, तिकडे तो मान आहे, आपल्या "अहो"सारखा.

बेळगावहून निघताना

सहाला गाडी सुरू झाली पाहिजे. सहा म्हणजे सहा, "सहाला उठू" नाही. गोकाकला दोन-तीन रस्त्यांनी जाता येतं, सुळेभावी-अंकलगीकडून आतला रस्ता आहे किंवा हायवेने यमकनमर्डीपर्यंत जाऊन आत वळायचं. पावसाळ्यात मी हायवे घेतो, थोडं लांब पडलं तरी खड्डे मोजत बसावं लागत नाही. गुगल मॅप जवळचा दाखवेल, त्याला काय, त्याला शॉकअप्सर बदलायचे नसतात.

बसने जाणाऱ्यांसाठी: बेळगावच्या मध्यवर्ती बसस्टँडवरून गोकाकच्या गाड्या दिवसभर असतात, धबधबा गोकाक गावापासून सहा किलोमीटर अलीकडे आहे, कंडक्टरला चढतानाच "फॉल्स" म्हणून सांगून ठेवा. पुण्या-मुंबईकडून किंवा मिरजेकडून रेल्वेने येणाऱ्यांनी घटप्रभा किंवा गोकाक रोड स्टेशनला उतरावं, पुढे रिक्षा किंवा टमटम. आणि सोलापूरकडचे असाल तर तुम्ही नशीबवान, सोलापूर-गदग लाईनवर बदामी थेट लागतं, तुम्ही उलट्या क्रमाने करा, बदामी आधी.

बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. आम्हा सीमाभागातल्या लोकांना वाचायची सवय झालीय पण सांगली-कोल्हापूरचे मित्र पाटीकडे बघून गडबडतात. घाबरायचं कारण नाही, गोकाकपर्यंत मराठी आरामात चालते, बदामीत हिंदी चालते, ऐहोळेत हाताने आणि हसून चालतं.

गोकाक: दोन तास पुरे, पण सकाळचे

आठच्या आत पोचलात तर पार्किंगला जागा, गर्दी नाही, कणीस भाजणारे अजून शेगडी पेटवतायत. धबधब्याची उंची सुमारे ५२ मीटर, म्हणजे १७० फूट, आणि कड्याचा आकार घोड्याच्या नालासारखा. आकडा वाचून काही कळत नाही, पण काठावर उभं राहिलं की पायाखालचा दगड बारीक थरथरतो ते पावसाळ्यात जाणवतं, ते जाणवलं की आकडा कळतो. नदी वरच्या बाजूला सपाट दगडावरून अगदी गरीब गायीसारखी वाहत येते, तुम्हाला वाटतं ह्यात काय, आणि मग एकदम जमीनच संपते.

काठांवर चालुक्य शैलीची जुनी देवळं आहेत, महालिंगेश्वराचं त्यात मुख्य. लोक सेल्फीच्या नादात देवळाला पाठ करूनच उभे असतात. पाच मिनिटं आत जा, खांब बघा, कारण संध्याकाळी बदामीत आणि उद्या ऐहोळेत याच घराण्यातले खांब भेटणार आहेत. शिवाय आत बाहेरचा आवाज एकदम घोंगडी टाकल्यासारखा दबतो, ते मला फार आवडतं.

मग झुलता पूल. दोनशे मीटरच्या आसपास लांब, खालच्या दगडापासून १४ मीटर उंच, गिरणीच्या काळातला. इथे १८८० च्या दशकात धबधब्याच्या पाण्याच्या जोरावर सूतगिरणी उभी राहिली, तिचं जुनं बांधकाम अजून दिसतं. पूल उघडा असेल तर नशीब, गेट बंद असेल तर वॉचमनशी हुज्जत घालू नका, विशेषतः पाणी जास्त असताना. पुलाशिवाय सुद्धा धबधबा तेवढाच दिसतो.

आता महत्त्वाचं. कड्याजवळचा दगड वाळूचा आहे, वाळल्यावर खरखरीत, चप्पल घट्ट पकडतो, त्यामुळे माणसाला खोटा धीर येतो. त्याच दगडावर तुषार पडून हिरवट शेवाळ धरलं की तो साबण होतो. दोन पावलांच्या अंतरावर एक दगड कोरडा आणि एक साबण असं असतं. माझा नियम असा की दगडाचा रंग गडद झाला तिथे थांबायचं, फोटो पुढून चांगला येतो की मागून ते बघायचं नाही. वरच्या बाजूला पाण्यात उतरायचं तर अजिबात नाही, गुडघाभर पाणी आहे म्हणून लोक उतरतात, पण वर धरणातून पाणी वाढवलं तर ते पत्र लिहून कळवत नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ह्याच नदीने गोकाक गावात घरांमध्ये पाणी घातलं होतं, आणि त्याच महिन्यात बदामीकडच्या मलप्रभा नदीने पट्टदकलच्या देवळांत. अशा दिवसांत ट्रिप पुढे ढकला, धबधबा कुठे पळून जात नाही.

निघताना गोकाक गावात नाश्ता आणि करदंट. करद म्हणजे तळलेला, अंट म्हणजे डिंक. गूळ, तळलेला डिंक, सुकं खोबरं, खारीक, काजू-बदाम असं सगळं एकत्र आवळलेलं. बेळगावच्या कुंद्याचा मी भक्त आहे तरी मान्य करतो की प्रवासात करदंटच बरं, कुंदा दुसऱ्या दिवशी गाडीत रडतो, करदंट आठ दिवस तसंच राहतं. एकच छोटा डबा घ्या, का ते पुढे सांगतो.

गोकाक ते बदामी

अंदाजे सव्वाशे किलोमीटर, तीन तास धरा. यरगट्टी, लोकापूर, कलादगी, गद्दनकेरी क्रॉस, मग केरूर करून बदामी. कलादगी आज छोटं गाव वाटतं पण इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात ते जिल्ह्याचं ठिकाण होतं, नंतर ते विजापूरला हललं. मला त्यात इंटरेस्ट आहे म्हणून सांगितलं, तुम्हाला नसेल तर रस्त्याकडेला चिकू मिळतात तेवढं लक्षात ठेवा.

ह्या पट्ट्यात गाडीच्या खिडकीतून दिसणारी जमीन हळूहळू बदलते, काळी माती मागे पडते आणि तांबडे दगड डोकं वर काढायला लागतात. गोकाकचा कडा आणि बदामीचे डोंगर, दोन्हीकडचा दगड वालुकाश्मच. एकीकडे नदीने कापला, दुसरीकडे माणसाने छिन्नीने.

बदामी: दुपार आणि संध्याकाळ

लॉज बसस्टँडच्या आसपास भरपूर आहेत, कर्नाटक टुरिझमचं मयूर चालुक्य पण आहे. शनिवार-रविवारी आणि दसऱ्याच्या सुट्टीत आधी बुक करा. एकदा आम्ही फोनवर बोलून ठेवलेली रूम पोचेपर्यंत दुसऱ्याला देऊन झाली होती, मालक म्हणाला तुम्ही अ‍ॅडव्हान्स कुठे दिलात. खरं होतं त्याचं. तेव्हापासून पाचशे रुपये का होईना पाठवून ठेवतो आणि स्क्रीनशॉट ठेवतो.

जेवण खानावळीत घ्या. ज्वारीची पातळ भाकरी, तिकडे जोळद रोट्टी, एण्णेगायी म्हणजे आपलं भरलं वांगं पण तेल मोकळ्या हाताने, शेंगाचटणी, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, दही. जेवून एक तास आडवे व्हा, दोन ते चार बदामीचा दगड तापलेला असतो.

चार वाजता लेणी. तिकीट काढावं लागतं, चार लेणी आहेत, पायऱ्या बऱ्याच आहेत पण थांबत थांबत होतात. पहिल्या लेण्यात अठरा हातांचा नटराज, तिसऱ्यात इसवी सन ५७८ चा चालुक्य राजपुत्र मंगलेशाचा लेख, हे सगळे गाईड सांगतातच. मी सांगतो ते न सांगितलं जाणारं: दुसऱ्या आणि तिसऱ्या लेण्याच्या मध्ये एक नैसर्गिक कपार आहे, तिच्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाची छोटी आकृती कोरलेली आहे. गर्दी तिच्यासमोरून तिसऱ्या लेण्याकडे धावत असते. उद्या ऐहोळेला जे बघायचंय त्याची ही वर्दी समजा.

माकडं. हसू नका. बदामीची माकडं पिशवी बघतात, माणूस बघत नाहीत. माझ्या काकीच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती, आत फक्त बीपीच्या गोळ्या आणि चष्म्याचं घर, माकडाने ती अशा सराईतपणे नेली जसं काही त्याचीच होती. वर बसून गोळ्यांचं पाकीट एकेक करून उलगडलं, वास घेतला आणि चष्म्याचं घर खाली टाकलं. गोळ्या गेल्या. रात्री नऊला मेडिकल शोधत फिरलो. तेव्हा प्लॅस्टिकची पिशवी हातात नको, खाणं सॅकच्या आत, औषधं खिशात.

लेण्यांतून उतरून तळ्याच्या काठाने भूतनाथ मंदिराकडे चालत जा. सूर्य मावळताना त्या मंदिरावर आणि मागच्या कड्यावर ऊन पडतं तेव्हा दगड आतून पेटल्यासारखा दिसतो, ह्यासाठी कॅमेरा लागतच नाही. आणि दुपारी पाऊस झाला असेल तर इथेच अक्का-तंगी. गेल्या वर्षीच्या आधीच्या ऑक्टोबरात आम्ही भूतनाथच्या ओट्यावर अडकलो होतो, अशी सर आली की समोरचं तळं दिसेना, पाऊण तासाने थांबली आणि आई म्हणाली "अरे तो आवाज कसला". कड्यावरून दोन दोऱ्या सोडल्यासारखं पाणी, एक जाड, एक बारीक. तांबड्या दगडावरून येऊन सुद्धा पाणी पांढरं शुभ्र. पावसानंतर पहिला तासच खरा, लॉजवर जाऊन चहा घेऊन परत येऊ म्हणाल तर धाकटी तंगी तरी गेलेली असेल. छत्री घेऊन जागेवरच थांबा. फक्त कड्याच्या बरोबर खाली उभं राहू नका, पाण्याबरोबर वरून दगड येतात.

दुसरा दिवस: ऐहोळे, आणि अर्ध्या वाटेवर थांबणं

इथे बहुतेक सगळे जी चूक करतात ती अशी की बदामीहून निघून आधी पट्टदकल, मग ऐहोळे. पट्टदकल वाटेत पडतं, १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे, साहजिक आहे. पण मग ऐहोळेला पोचेपर्यंत साडेअकरा वाजतात, दुर्ग मंदिराच्या हिरवळीवर फोटो होतात, आणि मेगुतीच्या टेकडीकडे बघून सगळे म्हणतात, जाऊ दे रे, ऊन फार आहे. आणि बौद्ध मंदिर तर त्या टेकडीवरच आहे!

म्हणून सहाला बदामी सोडा, पट्टदकलला न थांबता सरळ ऐहोळे, पस्तीसेक किलोमीटर, तासभर. सातला टेकडीच्या पायथ्याशी. गाडी गावात लावा, पाण्याची बाटली प्रत्येकाकडे एक, वर दुकान नाही. बसने जाणाऱ्यांना एवढ्या सकाळी जमणार नाही, बदामीहून पट्टदकलच्या बस बऱ्या आहेत पण ऐहोळेच्या कमी, त्यापेक्षा चारजणांत रिक्षा किंवा टॅक्सी दिवसभरासाठी ठरवा आणि आदल्या रात्रीच भाव करून घ्या: "येष्टु री?" म्हटलं की तो आकडा सांगेल, मग तुम्ही हसा, मग तो कमी करेल.

पायऱ्या चढायला लागा. मेगुती म्हणजे वरचं देऊळ, त्यामुळे सगळ्यांची नजर वरच्या जैन मंदिरावर असते आणि माथ्याच्या थोडं खाली, डोंगराला पाठ लावून बसलेलं हे दुमजली बौद्ध मंदिर लोक ओलांडून जातात. मी सुद्धा पहिल्या वेळी ओलांडून गेलो होतो, उतरताना एका शेळ्यावाल्या आजोबांनी काठीने दाखवलं.

सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. ऐहोळेत देवळं शंभराच्या वर, पण बौद्ध हे एवढंच. अर्धं बांधलेलं, अर्धं डोंगरात कोरलेलं. पुढे खांबांचे दोन मजले, चौकोनी खांब, आणि त्यांच्या मागे डोंगरात शिरणाऱ्या खोल्या, छोट्या विहारासारख्या. समोर बुद्धाची एक मूर्ती आहे, डोकं नसलेली, ती बहुतेक आतून बाहेर आणून ठेवलेली. आई तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि मग पदर डोक्यावरून घेऊन नमस्कार केला, म्हणाली डोकं नसलं तर काय, बसलाय ते कळतंय की.

बघायचं कसं ते सांगतो. खालच्या मजल्यावर आतल्या खोलीची दाराची चौकट आहे, तिच्यावर बारीक कोरीव काम आहे, पण दगड झिजलाय आणि समोरून बघितलं तर सपाट दिसतं. मोबाईलचा टॉर्च लावा आणि चौकटीच्या बाजूने, जवळजवळ भिंतीला टेकवून, तिरका प्रकाश टाका. एकदम माणसं उठून उभी राहतात. मेव्हणीच्या त्याच पोराने, नळवाल्याने, हे शोधून काढलं, तो अर्धा तास एकेक चौकोन उजळत बसला होता. फ्लॅश मारून फोटो काढला तर सगळं परत सपाट होतं, तेव्हा एकाने टॉर्च धरायचा आणि दुसऱ्याने फोटो.

वरच्या मजल्यावर मधल्या भागात थांबा आणि छताकडे बघा. छत्राखाली बसलेला बुद्ध तिथे छतावर कोरलाय. मान मोडते म्हणून सरळ पाठीवर आडवे व्हा, सकाळी दगड थंडगार असतो, रुमाल अंथरा. तिथे आडवं पडून वर बघताना बाहेरून फक्त पोपटांचा आवाज आणि खाली गावातली एखादी मोटर. मला ह्या ट्रिपमधला कुठलाही एक क्षण ठेवायला सांगितला तर गोकाकचा गडगडाट नाही, हे छत ठेवीन.

निपाणी-चिकोडीकडच्या बौद्ध घरांतली मंडळी इथे वंदनेला येतात ते मी पाहिलंय, निपाणीला बाबासाहेब १९२५ साली परिषदेसाठी आले होते, त्या भागाला हे नातं जवळचं. वंदना जरूर करा, पण मेणबत्ती-अगरबत्ती आत लावू नका, काजळी दगडात मुरते आणि निघत नाही. फुलं ठेवली तर निघताना उचलून घ्या.

मग वर माथ्यावर. मेगुतीच्या जैन मंदिराच्या पूर्वेकडच्या भिंतीवर रविकीर्ती या कवीचा लेख आहे, शके ५५६, म्हणजे इसवी सन ६३४-३५. संस्कृत भाषा, जुनी कन्नड लिपी, १९ ओळी, दुसरा पुलकेशी या चालुक्य राजाच्या पराक्रमाची प्रशस्ती. त्यात कालिदास आणि भारवीचं नाव येतं, हर्षाचा पराभव येतो, आणि आपल्यासाठी मजेची गोष्ट, ९९ हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा तो स्वामी झाला असंही येतं. सीमाभागातल्या माणसाने कन्नड लिपीत महाराष्ट्राचं नाव वाचायला बागलकोट जिल्ह्यातल्या टेकडीवर यावं, ह्यावर मी जास्त काही बोलत नाही. ह्याच पुलकेशीच्या राज्यातून चिनी प्रवासी ह्युएन त्संग गेला, त्याने इथे शंभरेक विहार आणि पाचेक हजार भिक्खू असल्याचं लिहून ठेवलंय. खाली जे एकटं मंदिर बघून आलात ते तेव्हा एवढं एकटं नसणार.

मंदिराच्या मागच्या बाजूला मोठमोठ्या शिळा उभ्या-आडव्या मांडलेल्या दिसतील, त्या महापाषाणकालीन थडगी आहेत, देवळांच्या कितीतरी आधीची. पोरांना वर चढू देऊ नका. वरून मलप्रभा दिसते. ती आमच्या खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीची, माउलीच्या देवळाजवळ जिथे ती उगम पावते तिथे लहानपणी आम्ही ओंजळीने पाणी प्यायलोय, आणि इथे बघावं तर रुंद होऊन शेतांमधून चाललीय. पोरीला सासरी भेटल्यासारखं होतं मला दरवेळी.

नऊ-साडेनऊला खाली या. आता दुर्ग मंदिराचा परिसर, त्याला तिकीट आहे. दुर्ग म्हणजे देवी नाही, किल्ला, मंदिराची मागची बाजू गोल आहे ती बघा, मग लाड खान नावाचं देऊळ, आणि वेळ असेल तर रावणफडी लेणं. म्युझियम शुक्रवारी बंद असतं, बदामीचं पण. मग पट्टदकल, तेरा-चौदा किलोमीटर, दीड तास पुरतो, सावली आणि हिरवळ आहे त्यामुळे दुपारी चालतं.

दुपारी जेवायला बनशंकरी. आपल्याकडच्या कितीतरी घरांची कुलदेवी, बदामीपासून पाच किलोमीटर. दर्शन झालं की हॉटेल शोधू नका, देवळाबाहेर बायका बुट्टीत भाकरी, दही, चटण्या घेऊन बसलेल्या असतात, त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसायचं. ती अक्का भाकरीवरच भाजी वाढते, वरून दही, आणि मिरचीचा ठेचा नको म्हटलं तरी घालते.

परतीचं थोडं

बायकांना खरेदी करायची असेल, म्हणजे असतेच, तर बदामीहून बागलकोटकडे जाताना गुळेदगुड्ड लागतं. आपण खणाच्या चोळीचा जो खण म्हणतो त्याचं हे गाव, हातमागावर विणताना बघायला मिळालं तर बघा, आणि घरून निघतानाच माप घेऊन या, म्हणजे दुकानात गेल्यावर ब्लाऊजला किती लागतं ह्यावर घरी फोन करत बसावं लागत नाही.

आणि ऐहोळेवरून पट्टदकल सोडून थेट बेळगावला यायचं असेल, म्हातारी माणसं दमली असतील तर तसंच करा, तर अमीनगडवरून बागलकोटच्या रस्त्याला लागा. अमीनगडला पण करदंट मिळतं, आणि ते लोक म्हणतात खरं करदंट आमचंच. गोकाकवाले काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहेच. म्हणून म्हटलं होतं गोकाकला एकच डबा घ्या. दोन्ही घरी नेऊन शेजारी शेजारी ठेवा आणि भांडण घरात लावून द्या.

दोन-अडीचला बनशंकरी सोडली की उजेड असतानाच यरगट्टी मागे पडतं. ह्यात चालढकल नको. ऑक्टोबर संपता संपता ऊसाचा हंगाम सुरू होतो आणि लोकापूर-यरगट्टी पट्ट्यात ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस चाललेला असतो, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला, आणि अंधारात ती ट्रॉली तुमच्या हेडलाईटमध्ये येते तेव्हा फार जवळ आलेली असते. उशीर झालाच तर ओव्हरटेकच्या फंदात पडू नका, एखाद्या बसच्या मागे लागा आणि तिच्याच स्पीडने बेळगावपर्यंत या.